चौकोनी कंसातली माणसं

मानवजातीने आजवर लावलेल्या सर्व शोधांमध्ये विरामचिन्हांचा शोध सर्वांत थोर आहे. चाकामुळे माणूस लांब जाऊ लागला हे खरं, पण थांबायचं कुठे हे त्याला पूर्णविरामाने शिकवलं. हा विचार मी एका रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर मांडला, तेव्हा बायको म्हणाली, "मग थांबा की."

मी थांबलो. पण मत बदललं नाही. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात सव्वीस वर्षं मी लोकांना 'खेदाने कळवण्यात येते की' असं कळवत आलो आहे, आणि त्या 'की'नंतर स्वल्पविराम द्यावा की देऊ नये, याबाबत आमच्या मजल्यावर माझा शब्द अखेरचा मानतात. (बाकी कशातच मानत नाहीत, तो भाग वेगळा.) कंस, तारे, आडव्या रेघा यांच्याबद्दल मला कुणी काही शिकवावं, असं त्या सकाळपर्यंत मला वाटत नव्हतं. पुढच्या तीन आठवड्यांत मला ते एका घड्याळजीच्या वहीने, रहिवासी संघाच्या सचिवांनी आणि सासूबाईंच्या लोकरीच्या गुंड्याने शिकवलं. तिघांचाही मी ऋणी आहे. हे मी खेदाने कळवत नाही.

आमच्या समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, मागे बारा खणांचं कपाट, आणि मधे काका. काकांच्या एका डोळ्यावर भिंग असायचं आणि दुसऱ्या डोळ्याने ते गल्ली बघायचे. टेबलाच्या या बाजूला एक स्टूल होतं. ऑफिसातून सुटल्यावर घरी जाण्याआधी मी अर्धा तास त्या स्टुलावर बसायचो. वीस वर्षं बसलो. माझे वडील गेले त्या वर्षी तर एकही दिवस चुकवला नाही. तेव्हा भेटणारा प्रत्येक माणूस मला 'आता सावरायला हवं' असं सांगत होता. काकांनी काही सांगितलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "हे भिंतीवरचं जरा धरता का? हात पुरत नाहीत." ते अवजड घड्याळ मी छातीशी धरून दहा मिनिटं उभा राहिलो. त्याची टिकटिक छातीत ऐकू येत होती. त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा मला नीट झोप लागली. असल्या उपकारांची पोच कुठल्या नमुन्यात द्यायची, ते आमच्या विभागालाही माहीत नाही.

तर त्या इमारतीचं काम निघालं आणि तळमजला महिनाअखेर मोकळा करा म्हणून नोटीस आली. काकांना त्याचं फारसं दुःख नव्हतं. भिंगातूनही बारीक काटे दिसेनासे झाले होते, आणि मुलगी कधीपासून 'इकडे या' म्हणत होती. दुःख वेगळंच होतं.

"चौसष्ट आहेत," ते म्हणाले.

"काय?"

"घड्याळं. लोकांनी दुरुस्तीला दिली आणि न्यायला आलेच नाहीत. कुणी चार वर्षांपूर्वी, कुणी पंचवीस."

"म्हणजे चौसष्ट बंद घड्याळं तुम्ही—"

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्यांचा अपमान झाला होता. "बंद? एकही बंद नाही. किल्लीवाल्यांना रोज किल्ली देतो, सेलवाल्यांचे सेल बदलतो. घड्याळं सगळी चालू आहेत. माणसं यायची बंद झालीत."

"मग घेऊन जा मुलीकडे. कोण विचारतंय?"

"अहो साहेब, लोकांची चौसष्ट घड्याळं बॅगेत भरून रातोरात गेलेल्या माणसाला काय म्हणतात? चाळीस वर्षं या गल्लीत बसलो. जाताना ते नाव घेऊन जाऊ? मुलीला मी सांगितलंय, खण रिकामे झाले तर येईन. नाही तर इथेच कुठेतरी खोली बघेन आणि खण घेऊन बसेन."

डोळ्यांनी दिसत नसलेला, एकटा, पंचाहत्तरीचा माणूस चौसष्ट घड्याळांना रोज किल्ली देत एका खोलीत बसला आहे, हे चित्र मला पाहवेना. आणि अशा वेळी माझ्या तोंडून जे वाक्य जातं तेच गेलं.

"काका, संघाच्या संकेतस्थळावर यादी टाकू. दोन दिवसांचं काम आहे."

जगातली सगळी मोठी संकटं 'दोन दिवसांचं काम आहे' या वाक्यापासून सुरू होतात.

रहिवासी संघाचे सचिव हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. अजूनही समोरच्या माणसाकडे ते 'हा पूर्ण भरतो का' अशाच नजरेने पाहतात. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं आणि चष्मा पुसला.

"संकेतस्थळावर दोन विभाग आहेत. 'हरवले' आणि 'सापडले'. तुमचं कशात?"

"घड्याळं काकांकडे आहेत. म्हणजे सापडली म्हणा."

"कुठे सापडली?"

"सापडली नाहीत. लोकांनी आणून दिली."

"मग ती हरवलेली नाहीत."

"नाहीत. माणसं हरवली आहेत."

"माणसं हरवली तर पोलिसात जावं लागतं. आपल्याकडे तो विभाग नाही."

अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर 'इतर' नावाचा विभाग उघडण्यात आला. त्यासाठी मी एक अर्ज लिहिला, तो मीच सचिवांना दिला, आणि तो मिळाल्याची सही त्यांनी माझ्यासमोर माझ्याच पेनाने केली. मग त्यांनी मला एक कागद दिला. मथळा होता, 'मार्कडाउन : साध्या खुणांनी लिहिण्याची पद्धत'. पहिली ओळ अशी : 'ही पद्धत इतकी सोपी आहे की तिला कोणत्याही सूचनांची गरज नाही.' त्याखाली दोन पानं सूचना होत्या.

"नीट वाचा," सचिव म्हणाले. "यात तारा म्हणजे नुसता तारा नाही आणि कंस म्हणजे नुसता कंस नाही."

तारा आणि कंस! मला! मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ती पुढचे सहा दिवस तिथेच होती. मधे एकदा धुलाईलाही जाऊन आली.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. काहीही झालं की 'मी म्हटलं होतं' म्हणायची त्यांना सवय आहे, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव श्री. म्हटलंहोते असं पडलं आहे. सगळं ऐकून ते म्हणाले, "यादी करताय ना? मग जसंच्या तसं उतरवा. स्वतःची अक्कल लावू नका."

सल्ला मला पटला, कारण आमच्या खात्यात नक्कल करण्याचा नियमच तो आहे. मूळ कागदात शाईचा डाग असेल तर नकलेत 'येथे डाग' असं लिहायचं. मी काकांची वही घरी आणली आणि बसलो.

काकांच्या वहीबद्दल सांगायला हवं. काकांनी आयुष्यात गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं नाही.

"नाव विचारलं की लोक तुम्हाला ओळख देत बसतात," ते म्हणायचे, "आणि नावं सारखी असतात हो. माणसं सारखी नसतात."

म्हणून ते माणूस लिहायचे. 'खोकणारे गृहस्थ'. 'भांडकुदळ मावशी'. 'दोन छत्र्यावाले'. 'सारखं आलोच म्हणणारे'. हे वर्णन चौकोनी कंसात. त्याला चिकटून गोल कंसात खणाचा आकडा. घड्याळ नुसतं साफ केलं असेल तर नोंदीच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा, आणि आतला भाग बदलला असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे. चाळीस वर्षांत या पद्धतीत एक टिंबही बदललेलं नव्हतं. मला ती वही वाचताना भरून आलं. इतकी शिस्तशीर विरामचिन्हं मी आमच्या महाव्यवस्थापकांच्या पत्रातही पाहिलेली नाहीत. ती मी ताऱ्यासह, कंसासह, बरहुकूम उतरवली.

वर माझं निवेदन लिहिलं. चार वाक्यांचं, पण मेहनतीचं. सभ्य माणसासारखी परिच्छेदाच्या सुरुवातीला चार अक्षरांची जागा सोडली. निवेदनाखाली 'आपला नम्र' असं लिहिलं, आणि निवेदन संपलं हे कळावं म्हणून त्याखाली आडव्या रेघांची एक ओळ मारली. मग 'प्रसिद्ध करा' हे बटण दाबलं आणि बायकोला हाक मारली.

बायको आली. तिने पडदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत पडदा.

"अहो, हे काय केलंत?"

माझं निवेदन एका करड्या चौकटीत, टंकयंत्रासारख्या अक्षरात, सबंध एका ओळीत पसरलं होतं. ती ओळ पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर निघून गेली होती. वाचायचं तर खालची पट्टी धरून उजवीकडे, आणखी उजवीकडे, असं जावं लागत होतं. मी गेलो. वाटेत दोनदा दमलो. आणि त्या चौकटीखाली, सिनेमाच्या पाटीएवढ्या अक्षरांत, काळ्याकुट्ट शाईत : 'आपला नम्र'. इतकी प्रचंड नम्रता मी आयुष्यात पाहिली नव्हती.

त्याखाली यादी. एका ताऱ्याची माणसं तिरकी झाली होती, दोन ताऱ्यांची जाड झाली होती, ओळी एकमेकींत घुसल्या होत्या, आणि सगळी माणसं निळी पडली होती. तारे, कंस आणि खणांचे आकडे गडप.

"निळी का आहेत?" बायकोने 'खोकणारे गृहस्थ' यांच्यावर बोट ठेवलं. पान बदललं. कोऱ्या पडद्यावर दोन ओळी आल्या : 'आपण शोधत आहात ते अस्तित्वात नाही. तक्रार असल्यास सचिवांशी संपर्क साधावा.' आणि सचिवांचा फोन नंबर.

मग आम्ही 'भांडकुदळ मावशी' उघडून पाहिल्या. त्याही अस्तित्वात नव्हत्या. चौसष्टपैकी एकही माणूस अस्तित्वात नव्हता.

मी तडक सचिवांकडे गेलो. पान काढता येईल का? येईल, पण दुरुस्ती अर्ज भरावा लागेल, आणि दुरुस्ती अर्जावर निर्णय शनिवारी होतो. आज मंगळवार होता.

"चार दिवस ते तसंच राहणार?"

"तुम्ही कागद वाचला होतात का?" सचिवांनी विचारलं. या प्रश्नाला उत्तर म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं.

जिन्यात श्री. म्हटलंहोते उभेच होते. "मी म्हटलं होतं."

"तुम्हीच तर म्हटलं होतं, जसंच्या तसं उतरवा!"

"तेच. म्हटलं होतं की नाही?"

त्या चार दिवसांत माझ्या प्रतिष्ठेचं जे झालं ते मी थोडक्यात सांगतो. दूधवाल्याने मला 'काय नम्र, कसं काय' असं विचारलं. सचिव भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, कानाला फोन लावून ते कुणावर तरी ओरडत होते, "बाई, मी तुम्हाला भांडकुदळ म्हटलेलं नाही! त्या दुकानात जा आणि तिथे काय ते भांडा!" मी मागच्या गल्लीने ऑफिसला जाऊ लागलो. काकांच्या दुकानाकडे तर फिरकायची हिंमतच झाली नाही. ज्या माणसाचं नाव राखायला निघालो होतो त्याची वहीच मी चव्हाट्यावर मांडली होती. हात दाखवून अवलक्षण, ते असं.

शेवटी मी तो धुतलेला कागद काढून खिडकीपाशी बसलो. पहिली ओळ तेवढी पुसली गेली होती, म्हणजे पद्धत सोपी असल्याचा उल्लेख आता उरला नव्हता. तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. शेजारी सासूबाई शाल विणत होत्या. त्या आमच्याकडेच राहतात, कमी बोलतात, आणि बोलल्या की पुढे कुणाला बोलण्यासारखं उरत नाही.

"जावईबापू, बघू तो कागद."

"आई, हे जरा तांत्रिक आहे."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला, विणकामाचा चष्मा लावला, आणि दोन्ही पानं वाचली. तेवढ्या वेळात सुयांनी एक ओळ पूर्ण केली. सुया त्यांच्या बघण्यावर अवलंबून नसतात.

"यात काय आहे? आमच्या विणकामाच्या पुस्तकात हेच तर असतं," त्या म्हणाल्या. "ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत एक प्रकारचा टाका. दोन तारे, तर जाड टाका. चौकोनी कंसात काय दिसायचं ते. गोल कंसात कुठे जायचं ते. दोन कंसांच्या मधे जागा सोडायची नाही, सोडलीत की टाका गळला. तुमच्या घड्याळजींनी प्रत्येक माणसाला खणाच्या आकड्याकडे पाठवलं. पण त्या आकड्याचं पान कुठाय? मग ती माणसं जाणार कुठे?"

मी सव्वीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून सासूबाईंसमोर स्टुलावर बसलो. पुढचे तीन दिवस, ऑफिसातून आलो की शिकवणी. चुकलो की सासूबाई एकच शब्द उच्चारत : "उसवा." मी उसवायचो आणि परत घालायचो. आरंभीची चार अक्षरांची जागा? "उसवा. सरळ कडेपासून सुरू करा." 'आपला नम्र'खालची आडवी रेघ? "अहो, रेघ चिकटून मारलीत म्हणून वरची ओळ फुगली. मधे एक ओळ रिकामी ठेवा, रेघ मुकाट्याने रेघ राहील." तारा ताराच दिसायला हवा असेल तर? "त्याच्या आधी ही तिरपी काडी. काडी दिसली की तो गप्प बसतो."

सगळ्यांत कठीण गेलं ते ओळ तोडणं. नुसतं खाली जाऊन भागत नाही. ओळीच्या शेवटी दोन रिकाम्या जागा सोडाव्या लागतात.

"पण त्या दिसत नाहीत!" मी म्हटलं.

"दिसत नाहीत, पण असतात. नसल्या की सगळं एकावर एक कोसळतं," सासूबाई म्हणाल्या.

"घरकामासारखं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी आयुष्यातला पहिला चालता दुवा तयार केला. चौकोनी कंसात 'दुकान कुठे आहे', गोल कंसात नकाशाचा पत्ता, मधे जागा नाही. त्यावर बोट ठेवलं आणि पडद्यावर नकाशा उघडून बरोबर काकांच्या दुकानावर लाल खूण आली. मी ते अकरा वेळा केलं. दुकान आमच्या खिडकीतून दिसतं, पण नुसतं दिसणं आणि पोचवणं यात फरक आहे. सासूबाईंना मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "बघून वाका, गुंडा पायात येईल."

शनिवारी दुरुस्ती मंजूर झाली. नवं पान म्हणजे काय सांगू! निवेदन चौकटीबाहेर, नम्रता नेहमीच्या आकारात, यादी एकाखाली एक. निळ्या रंगात एकच दुवा, तोही चालता. आणि जनाची लाज म्हणून वर्णनंही मी सभ्य केली होती. 'खोकणारे गृहस्थ' यांचे 'एक ज्येष्ठ नागरिक' झाले. 'भांडकुदळ मावशी' यांच्या 'एक आदरणीय भगिनी' झाल्या. अशा एकूण तेवीस आदरणीय भगिनी आणि एकोणतीस ज्येष्ठ नागरिक होते. मी ताठ मानेने पुढच्या रस्त्याने काकांकडे गेलो आणि फोनवर पान दाखवलं. काका भिंग लावून बराच वेळ बघत राहिले.

"छान स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले. मला तेवढं पुरे होतं. स्वतःच्या आनंदात असलेला माणूस कपाटाकडे बघत नाही.

बुधवारी संध्याकाळी मात्र बघितलं, कारण काका गल्लीकडे पाठ करून कपाटाकडेच बघत बसले होते. आणि बारा खणांपैकी चार उघडे होते, रिकामे.

"काका, हे खण?"

"तुम्ही आला नव्हतात ना, त्या चार दिवसांत गेली. तेवीस घड्याळं," काका म्हणाले. "माणसं भांडायलाच यायची. त्या मावशी तर दारातूनच ओरडत आल्या. मी घड्याळ काढून हातावर ठेवलं. चालू होतं. त्यांच्या यजमानांचं निघालं. दुरुस्तीला त्या देऊन गेल्या होत्या, न्यायचं यजमानांनी होतं; ते म्हणाले होते म्हणे, गुरुवारी आणतो. चौदा वर्षं झाली, आणि मधे यजमान गेले. मग त्या त्याच स्टुलावर बसल्या थोडा वेळ." त्यांनी फडक्याने काच पुसली. "शनिवारपासून मात्र कुणी नाही. एकही नाही. मला वाटलं, संपली असतील माणसं."

आदरणीय भगिनी! आपण आदरणीय भगिनी आहोत, हे जगात कुणाला ओळखू येणार? पण 'दोन छत्र्यावाले' म्हटलं की दोन छत्र्यावाल्याला बरोबर ठेच लागते. तो स्वतःवर बोट ठेवतो, संकेतस्थळ त्याला सांगतं की तू अस्तित्वातच नाहीस, मग तो अस्तित्व सिद्ध करायला सचिवांना फोन करतो, सचिव त्याला दुकानात हाकलतात, आणि तिथे त्याचं घड्याळ चालू असतं. एवढी परिपूर्ण यंत्रणा मी अडाणीपणाने उभी केली होती, आणि शिक्षण घेऊन मोडली होती.

महिनाअखेरीला सहा दिवस होते. खणांत एकेचाळीस घड्याळं होती.

सचिवांकडे गेलो. "जुनं पान परत लावायचंय."

"चुकीचं?"

"हो."

त्यांनी दुरुस्ती अर्ज पुढे केला. 'दुरुस्तीचे कारण' या रकान्यात मी लिहिलं : 'पान बरोबर आहे.'

"हे मंजूर होणार नाही," सचिव म्हणाले. "शिवाय तुमच्या त्या पानामुळे चार दिवस माझा फोन बंद झाला नाही. मी प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय सही करणार नाही. मूळ वही कुठाय?"

मी त्यांना दुकानात घेऊन गेलो. ते वजनकाटा तपासावा तशी वही तपासत गेले, आणि एका नोंदीवर थांबले. चौकोनी कंसात 'कागद दाखवा म्हणणारे', गोल कंसात ११.

"हे कोण?"

काकांनी अकरावा खण उघडला. आत एक चौकोनी, पट्ट्याचं घड्याळ होतं. चालू. "तुमचंच, साहेब. एकोणीस वर्षं झाली. पावती घरी राहिली म्हणालात आणि आणायला गेलात."

सचिवांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच शासकीय नसलेला भाव पाहिला. "पावती सापडली नाही," ते हळूच म्हणाले. "आणि पावतीशिवाय मागायचं कसं? उद्या लोक म्हणतील, निरीक्षकाने पदाचा धाक दाखवून घड्याळ नेलं. म्हणून मी या फुटपाथवरून जातही नाही."

"घ्या की आता."

"पावती नाही."

"मी देतोय ना!"

शेवटी त्यांनी माझ्या दुरुस्ती अर्जाच्या पाठीवर 'घड्याळ मिळाले' असं हमीपत्र लिहून काकांना दिलं. मग लक्षात आलं की अर्ज आता काकांकडे राहणार, म्हणून तो परत घेतला, पुढच्या बाजूला मंजुरीची सही केली आणि त्याच्या दोन प्रती काढल्या. मग घड्याळ मनगटावर चढवलं. बक्कल काही त्यांना लावता येईना. काकांनी लावून दिलं.

आता पान बिघडवणं आलं. आणि ते मला जमेना! हात बसला होता. निवेदनाआधी जागा सोडायला गेलो तरी बोटं कडेपासूनच सुरू करत. तीनदा लिहिलं, तीनदा पान स्वच्छ आलं. सासूबाईंनी शाल खाली ठेवली.

"सरका. मुद्दाम टाका गाळायचा तर आधी टाका यावा लागतो."

त्यांनी वही समोर धरली, चाळिसाच्या चाळीस माणसांना एकामागून एक खणांच्या आकड्यांकडे पाठवलं, तारे जागच्या जागी घातले, आणि 'आपला नम्र'खाली रेघ चिकटवून मारली. ते पुन्हा प्रचंड झालं.

"ते मोठं नको होतं, आई," मी म्हटलं.

"लांबून दिसायला हवं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सचिवांचा फोन वाजू लागला. या वेळी मी मागच्या गल्लीने गेलो नाही. संध्याकाळी स्टूल रिकामं नसायचं म्हणून टेबलाला टेकून उभा राहिलो. खोकणारे गृहस्थ खोकत आले. सारखं आलोच म्हणणारे नऊ वर्षांनी आले आणि 'आलोच म्हटलं होतं ना' म्हणाले. दोन छत्र्यावाल्यांच्या हातात एकच छत्री होती. दुसरी काकांनी घड्याळासोबत दिली. एक बाई यादीत नसतानाही भांडून गेल्या, कारण त्यांना यादीतलं एक वर्णन आपलं वाटलं होतं. 'कागद दाखवा म्हणणारे' संध्याकाळी सहा ते सात स्वतः दुकानाच्या दारात उभे राहून रांग लावत होते. कागद कुणाकडे मागत नव्हते.

तीस तारखेला कपाटात पाच घड्याळं उरली. सचिव म्हणाले, ती संघाच्या कार्यालयात राहतील, किल्ली मी देईन. आणि तसं लिहून दिलं. काकांनी बाराही खण उघडून मला दाखवले, फडक्याने पुसले, आणि मुलीला फोन लावला.

"येतोय गं," एवढंच म्हणाले.

काका गाडीत बसत होते तेव्हा मी त्यांना काहीतरी म्हणणार होतो. वीस वर्षांचं होतं, एका वाक्यात बसेना. त्यांनी कपाळावरचं भिंग काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "ही पिशवी जरा धरता का?" मी धरली. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा परत दिली.

संघाचा वार्षिक अहवाल गेल्या आठवड्यात आला. सहाव्या पानावर, पाण्याच्या टाकीच्या सफाईनंतर, या प्रकरणाची नोंद आहे : 'संकेतस्थळ : या वर्षी एकूण एकसष्ट तक्रारी आल्या. सर्व निकाली.'